गाळलेली जागा आणि तिचे शेजारी: संदर्भावरून शब्द शिकण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाळलेल्या जागा भरून शब्दसंग्रह खरंच वाढतो का? ते तर परीक्षेतले दोन-चार गुण मिळवण्यापुरतं असतं ना?

वाढतो, पण मूल जागा कशी भरतं यावर ते अवलंबून आहे. एक वाक्य बघा:

चुलीवर पाण्याला ____ आलं, तसे आईने धुतलेले तांदूळ त्यात वैरले.

माझ्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिलं की निम्मी मुलं लगेच ओरडतात, "उकळी!" मी काहीच बोलत नाही, फक्त 'आलं' या शब्दाखाली रेघ मारते. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, "उकळी आली म्हणतात, उकळी आलं नाही." मग शोध सुरू होतो. पाण्याशी जोडलेला, नपुंसकलिंगी, तांदूळ टाकण्याआधी येणारा असा कोणता शब्द आहे? एखाद्याला आजीच्या तोंडचं 'आधण' आठवतं. नाही आठवलं तर मी सांगते. पण तोवर त्या शब्दासाठी मुलांच्या डोक्यात जागा तयार झालेली असते. 'आधण म्हणजे उकळतं पाणी' असं वहीत दहादा लिहून ती जागा तयार होत नाही.

ओळीत 'वैरणे' हा आणखी एक अनोळखी शब्द आहे. त्याचा अर्थ मी कधीच सांगत नाही. आधण कळलं की तो आपोआप कळतो.

संदर्भ-खुणा म्हणजे नेमकं काय?

गाळलेल्या शब्दाच्या शेजारीपाजारी असलेला आणि त्याच्याबद्दल काहीतरी सांगणारा कोणताही शब्द, प्रत्यय किंवा विरामचिन्ह. पाठ्यपुस्तकं व्याख्या, उदाहरण, समानार्थ आणि विरोध एवढ्यावरच थांबतात. 'म्हणजे', 'अर्थात' आलं की पुढे अर्थ येणार. 'जसे की' आलं की उदाहरणं. 'पण', 'मात्र', 'उलट', 'तरीही' आलं की वाक्य वळण घेणार. 'म्हणून', 'कारण' आलं की एकातून दुसरं निघणार. हे सगळं खरं आहे आणि शिकवायलाच हवं.

पण मराठीत याहून भक्कम खूण आहे, आणि तिच्याकडे आपण बघतच नाही. ती खूण म्हणजे लिंग, वचन आणि विभक्ती. इंग्रजी वाक्यात नामाच्या लिंगाचा क्रियापदावर काही परिणाम होत नाही. मराठीत मात्र विशेषण, क्रियापद, चा-ची-चे सगळे नामाकडे बघून बदलतात. नाम गाळलं तरी त्याचा ठसा वाक्यात राहतो. वर 'आलं'ने जे काम केलं ते हेच. इंग्रजीच्या धर्तीवर तयार केलेल्या सरावपत्रिकांमध्ये हे निसटतं, आणि मला त्याची फार खंत वाटते. कारण मराठी घरातल्या मुलाला ही खूण शिकवावी लागत नाही, फक्त दाखवावी लागते.

चारही पर्याय बरोबर वाटतात. मग निवडायचं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून दोन उदाहरणं सविस्तर घेते.

एवढा काळोख, पण पोराची ____ बघा, एकटाच विहिरीवर गेला. (धाडस, धीर, शौर्य, हिंमत)

अर्थाने चारही शब्द शेजारी राहतात. अर्थावर भांडत बसलात तर तास निघून जाईल. आधी 'पोराची' बघा. धाडस आणि शौर्य नपुंसकलिंगी, म्हणजे 'पोराचं' हवं होतं. धीर पुल्लिंगी, 'पोराचा' हवं होतं. उरली हिंमत. अर्थापर्यंत जायची वेळच आली नाही.

दुसरं वाक्य वेगळं आहे:

थोरल्याच्या हातात पैसा टिकत नाही. धाकटा मात्र ____ आहे, आणि घरातले सगळे त्याचं कौतुक करतात. (कंजूष, काटकसरी, उधळ्या, श्रीमंत)

'मात्र'मुळे उधळ्या बाद. श्रीमंत असण्याचा पैसा टिकण्याशी थेट संबंध नाही, तोही बाद. उरले कंजूष आणि काटकसरी. दोघेही पैसा राखतात. घाईत असलेलं मूल इथेच चुकतं, कारण पहिली खूण सापडल्यावर ते वाचायचं थांबतं. 'कौतुक' ही दुसरी खूण वाक्याच्या शेवटाकडे आहे. कंजुषाचं कौतुक कोण करतं? एकच अर्थ, पण एका शब्दात शाबासकी आहे आणि दुसऱ्यात नाक मुरडणं. शब्दाची ही छटा व्याख्येत सापडत नाही, वाक्यात सापडते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचायचं, मग व्याकरणाने जे गळतील ते गाळायचे, मग जोडशब्द बघायचे, आणि शेवटी छटा.

पर्याय द्यावेत की नकोत?

सरावात आधी नकोत. पर्याय कागदाच्या घडीखाली लपवा. मुलाने आधी स्वतःचा शब्द सुचवावा, मग घडी उघडावी. त्याचा शब्द पर्यायांत असला तर उत्तमच. नसला तर त्याच्या शब्दाच्या सगळ्यात जवळचा पर्याय कोणता, हे त्याने शोधावं. पर्याय आधी दिसले की मूल वाक्य वाचतच नाही, चार शब्द घालून बघतं आणि कानाला बरा लागेल तो ठेवतं.

मुलाने उत्तरपत्रिकेत नसलेला, पण वाक्यात बसणारा शब्द लिहिला. बरोबर धरायचा?

धरायचा. यावर माझं मत ठाम आहे. मी एकदा असं वाक्य दिलं होतं:

भल्या पहाटे शेतावर गेलेल्या बाबांसाठी आईने ____ नेली.

मला 'न्याहारी' हवं होतं. एकाने 'भाकरी' लिहिलं, एकीने 'शिदोरी', एकाने 'डबा'. 'डबा नेली' होत नाही, ते त्याचं त्यालाच कळलं. पण भाकरी आणि शिदोरी दोन्ही बसत होते आणि मी लाल शाईने खोडले होते. त्या मुलीने विचारलं, "बाई, शिदोरी का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक वाक्याची होती, तिची नव्हती. मी गुण परत दिले आणि वाक्य बदललं: 'भल्या पहाटे शेतावर गेलेल्या बाबांसाठी आईने नऊच्या सुमाराला ____ नेली, दुपारचं जेवण मात्र त्यांनी घरी येऊन केलं.' आता सकाळचं खाणं आणि दुपारचं जेवण समोरासमोर आले आणि न्याहारीला तिची जागा मिळाली. शिदोरी प्रवासाला निघताना बरोबर घेतात, हा फरकही त्या निमित्ताने वर्गात बोलला गेला.

बोलीतल्या शब्दांनाही हाच नियम. मालवणी, वऱ्हाडी किंवा खानदेशी घरातल्या मुलाने घरचा शब्द लिहिला आणि तो वाक्यात बसला, तर तो बरोबर. शेजारी प्रमाण मराठीतला शब्द लिहून द्या, मुलाला दोन शब्द मिळतील. खोडलात तर घरचाही जाईल.

माझी मुलगी मराठी छान बोलते, पण प्रत्येक गोष्टीला 'करणे' आणि 'घालणे' लावते. याला काही उपाय?

गाळलेल्या जागांचा सगळ्यात चांगला उपयोग मला इथे दिसतो. आपण नामं गाळतो आणि क्रियापदं तशीच ठेवतो. उलटं करून बघा.

साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, शाल पांघरतात, कुंकू लावतात. शहरात वाढलेलं मूल या सगळ्याला 'घालते' म्हणतं, कारण हिंदीत 'पहनना' आणि इंग्रजीत एकच क्रियापद बरंचसं काम उरकतं. मराठीत वस्तूच क्रियापद ठरवते. म्हणजे वाक्यातलं नाम हीच खूण.

स्वयंपाकघरात तर हा साठा अफाट आहे. एके दिवशी ओट्याशी उभं राहून हे तोंडीच करा, कागदही नको. तुम्ही वाक्य अर्धं सोडा आणि मुलीने पुरं करावं. "कांदा..." चिरला. "लसूण..." ठेचला. "खोबरं..." खवलं. "मेथी..." निवडली. "शेंगा..." सोलल्या. "दाणे..." भाजले, मग कुटले. "कणीक..." मळली. "पोळी..." लाटली, पण "भाकरी..." थापली. "पुरण..." वाटलं. "लोणी..." कढवलं. "वरणाला फोडणी..." दिली. जिथे ती 'केलं' म्हणेल तिथे रागावू नका, हातातली कृती तिला दाखवा. थापणं आणि लाटणं यातला फरक परातीत दिसतो, वहीत दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तीच नामं वेगळ्या वाक्यांत, या वेळी कागदावर.

समूहदर्शक शब्दांनाही हे लागू पडतं. 'बाजारातून डझनभर केळ्यांची ____ आणली.' पाठ्यपुस्तकाच्या सवयीने मुलं 'घड' लिहितात. पण 'केळ्यांची' म्हटलंय आणि डझनभर म्हटलंय. घड पुल्लिंगी, आणि अख्खा घड डझनापेक्षा बराच मोठा असतो. इथे 'फणी' हवी.

म्हणी आणि वाक्प्रचार असेच शिकवता येतात का?

'पळसाला पाने ____' असा प्रश्न संदर्भाचा नाही, पाठांतराचा आहे. येत असेल तर येतं, नाहीतर वाक्यातली कोणतीही खूण मदतीला येत नाही. त्यापेक्षा चार ओळींचा प्रसंग लिहा आणि शेवटी कोणती म्हण शोभेल ते विचारा. वाक्प्रचार मात्र थेट गाळता येतात: 'परीक्षेचा निकाल ऐकून त्याच्या पायाखालची ____ सरकली.' इथे 'पायाखालची' आणि 'सरकली' दोघे मिळून 'वाळू'पर्यंत नेतात. 'जमीन' लिहिली तरी चुकलं म्हणू नका, तसंही लोक म्हणतात.

ही पद्धत आली कुठून?

1897 मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी ब्रेस्लाव शहरातल्या शाळकरी मुलांसाठी शब्द आणि अक्षरं गाळलेले उतारे वापरले. आज ते शहर पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्स्वाफ. मुलांचं डोकं दिवसभरात किती थकतं हे त्यांना मोजायचं होतं. पुढे 1953 मध्ये अमेरिकेत विल्सन टेलर यांनी उताऱ्यातला ठरावीक अंतरावरचा, उदाहरणार्थ दर पाचवा, शब्द गाळायची पद्धत मांडली आणि तिला 'क्लोझ' नाव दिलं. मजकूर वाचकाला किती सोपा जातो हे त्यांना तपासायचं होतं. दोघांचाही हेतू मोजण्याचा होता. शिकवण्यासाठी वापरायचं तर दर पाचवा शब्द आंधळेपणाने गाळून भागत नाही, कारण कधी 'आणि' गळतो, कधी गावाचं नाव. शब्द निवडून गाळावा लागतो.

संदर्भ कधी फसवतो का?

फसवतो, आणि मुलांना हे लवकर सांगायला हवं. अमेरिकेत इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये संदर्भांचे चार प्रकार मांडले: चुकीच्या दिशेला नेणारा, काहीच न सांगणारा, ढोबळ अंदाज देणारा आणि नेमका अर्थ दाखवणारा. रोजच्या वाचनात चारही भेटतात.

मराठीतलं माझं आवडतं उदाहरण म्हणजे 'थारोळं'. वर्तमानपत्रात 'रक्ताच्या थारोळ्यात पडलेला' हे आपण इतकं वाचलंय की थारोळं म्हणजे रक्ताशी संबंधित काहीतरी भयंकर, असं वाटतं. मोठ्या माणसांनाही. खरं तर थारोळं हे विहिरीवरचं. मोट वर येऊन जिथे पाणी ओतते, ती जागा. आता हे वाक्य वाचा: 'बैल धावेवरून उतरले, भरलेली मोट वर आली आणि पाणी धबाधबा थारोळ्यात पडून पाटाने मळ्याकडे निघालं.' या वाक्यातून अर्थ चुकणं अवघड आहे. बातमीतल्या वाक्यातून तो कळणं अवघड होतं. शब्द तोच, शेजारी वेगळे.

म्हणून नवा शब्द एका वाक्यावरून 'आला' असं मानू नका. निदान तीन वेगळ्या वाक्यांत तो भेटू दे.

इंदूर-भोपाळकडे राहणाऱ्या आमच्या मुलांना हिंदी जास्त जवळची आहे. त्यांच्यासाठी वेगळं काही?

त्यांच्यासाठी दोन्ही भाषांत सारखे दिसणारे, पण अर्थाने वेगळे शब्द मुद्दाम गाळा. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. 'संशोधन' हिंदीत दुरुस्ती, मराठीत नव्याचा शोध. 'आपत्ती' हिंदीत बहुधा हरकत, मराठीत संकट. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ही मुलं हे शब्द वाचताना अडखळत नाहीत, कारण शब्द ओळखीचा वाटतो. न अडखळता चुकीचा अर्थ घेऊन ती पुढे जातात. 'शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं ____ करून नवी लस तयार केली' अशा वाक्यात त्यांनीच 'संशोधन' बसवलं की घोळ मिटतो.

वाक्यं कुठून आणायची?

स्वतः लिहा, किंवा वाचलेल्यातून उचला. वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी, मुलांचं मासिक, आजोबांचं पत्र, काहीही चालेल. मोबाइलवर आयते मिळणारे मराठी सराव वापरायला हरकत नाही, पण मुलाला देण्याआधी प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचा. 'त्याने निर्णय घेतला गेला' असलं वाक्य असेल तर तो सरावच नको.

आपलं वाक्य तपासायची सोपी रीत: ते घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला द्या. दोन-तीन जवळच्या शब्दांवर आला तर वाक्य चांगलं. दहा शब्द सुचले तर खूण कमी पडतेय. 'राजू ____ आहे' या वाक्यात हुशार, आजारी, उंच, घरी, काहीही बसतं. 'राजू ____ आहे. चार पावलं चालला तरी धाप लागते' म्हटलं की आजारी, अशक्त, लठ्ठ एवढेच उरतात, आणि त्यांवर बोलता येतं.

एका वाक्यात शक्यतो एकच अनोळखी शब्द ठेवा. इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांबद्दल पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवलं की मदतीशिवाय गोष्ट नीट कळायला शंभरातले साधारण 98 शब्द ओळखीचे असावे लागतात. शेजारीच अनोळखी असतील तर ते खूण काय देणार?

रोज किती करावं?

पाच-सहा वाक्यं पुष्कळ झाली. पण प्रत्येक वाक्यानंतर मुलाने उत्तर ज्या शब्दामुळे सुचलं त्या शब्दावर बोट ठेवायचं. उत्तर बरोबर आलं आणि बोट ठेवता आलं नाही, तर ते वाक्य माझ्या हिशेबात झालेलं नाही. उत्तर चुकलं पण योग्य शब्दावर बोट गेलं, तर बरंचसं झालं. नवा शब्द दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने वेगळ्या वाक्यात परत आणा. आम्ही जुन्या पत्रिकांच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या करून डब्यात ठेवतो.

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी यातून होते का?

होते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत पहिल्या पेपरला प्रथम भाषेचे 25 प्रश्न 50 गुणांसाठी आणि गणिताचे 50 प्रश्न 100 गुणांसाठी अशी रचना राहिली आहे. भाषेत उतारा, समानार्थी-विरुद्धार्थी, समूहदर्शक, म्हणी असं सगळं येतं. शेवटच्या महिन्यात घड्याळ लावून पर्यायांसह सराव करा. त्याआधी घड्याळ नको.

शब्दकोश कधी उघडायचा?

अंदाज बांधल्यानंतर. आधी उघडला तर विचार होत नाही, कधीच उघडला नाही तर चुकीचा अंदाज पक्का होतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. शेतीचे, घरगुती आणि बोलीतले जुने शब्द तिथे बरेच मिळतात.

परदेशात वाढणाऱ्या मुलांना 'मोट' आणि 'आधण' काय कामाचे?

आधी त्यांच्या घरातले शब्द घ्या: बर्फ साचतो, वितळतो, पाय घसरतो, काच धुरकट होते. लिंगाची खूण त्यांना कानाने मिळत नाही, कारण त्यांनी मराठी कमी ऐकलेली असते. त्यामुळे त्यांच्या वाक्यांत नामाच्या आधी विशेषण ठेवा. 'मोठी', 'जुना', 'पांढरं' यांतून लिंग आधीच कळतं. आजी-आजोबांशी आठवड्याचा व्हिडिओ कॉल असेल तर तिकडून अर्धी वाक्यं सोडायला सांगा. आजीच्या वाक्यात आधण येणारच.

लगेच करून बघायला काही वाक्यं मिळतील?

1. तिने केसांत मोगऱ्याचा गजरा ____.
2. रानातून येताना म्हातारी डोक्यावर जळणाची ____ घेऊन आली.
3. पाऊस केव्हाच थांबला, तरी वळचणीच्या पागोळ्या अजून ____ होत्या.
4. दोन्ही जावांचं वर्षभर बोलणं नव्हतं. पुतणीच्या लग्नात मात्र तो ____ सुटला.
5. त्याने वचन दिलं खरं, पण ऐनवेळी ते ____.

पहिल्यात 'माळला', खूण 'गजरा'. दुसऱ्यात 'मोळी', 'भारा' अर्थाने चालला असता, पण 'जळणाची' त्याला आत येऊ देत नाही. तिसऱ्यात 'गळत' किंवा 'ठिबकत'. 'तरी' सांगतं की पाऊस नसूनही पाणी चालू आहे, आणि पागोळी म्हणजे छपराच्या कडेवरून पडणारी धार, हे ज्याला माहीत नव्हतं त्याला आता कळलं असेल. चौथ्यात 'अबोला', 'बोलणं नव्हतं' आणि 'तो', दोन्हींवर बोट हवं. पाचव्यात 'मोडलं', 'पण' नसता तर 'पाळलं' आलं असतं.